जलपूजनाच्या दिवसाचं पाणी

सरकारी नोकरीत मी तीस वर्षं एकच काम केलं, ते म्हणजे पाणी मोजलं. तलावाच्या भिंतीवर फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी असते. रोज सकाळी पायऱ्या उतरायच्या, पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. खात्यातल्या साहेबांनी दम दिला, तरी त्या वहीत मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. ही फुशारकी आधीच मारून घेतो, कारण पुढे मारायला तोंड उरणार नाही.

निवृत्त झालो आणि शिरूर अनंतपाळच्या घरी दोन महिने बसलो. घरातल्या माणसांनाही मी नको होतो आणि मलाही ती नको होती. म्हणून अहमदपूरकडच्या त्याच तलावाच्या काठावर, दयानंदरावांच्या रिसॉर्टवर मॅनेजर म्हणून लागलो. मॅनेजर म्हणजे खोल्यांच्या चाव्या सांभाळायच्या आणि मालक बोलले की मान हलवायची. दयानंदराव रस्त्यांचे कंत्राटदार. वय बेचाळीस, आवाज मात्र अख्ख्या पंगतीला पुरेल एवढा. मला ते 'अप्पा' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि तेवढ्यावर मी खूश होतो. खूश व्हायला मला फार लागत नाही.

रिसॉर्टची बोट लिंबाजी चालवायचा. पंचावन्नच्या पुढचा, काटक, कमी बोलणारा. तलाव झाला तेव्हा त्याची दोन एकर काळी जमीन पाण्याखाली गेली. आमचा धक्का, म्हणजे बोट लागायची जागा, बरोबर त्याच्या शेताच्या बांधावर होती. ज्या जमिनीत त्याने औत हाकलं, तिच्यावरूनच आता तो पाहुण्यांना फिरवत होता. पाहुण्यांना हे कळलं की ते म्हणत, "वा, मज्जा आहे!"

काठावरच्या पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको नागुबाई राहायचे. त्या खोलीशिवाय त्यांना जगात दुसरं छप्पर नव्हतं. नागुबाई पाहुण्यांच्या खोल्या झाडायची. स्वयंपाकघरात मात्र तिला काम नव्हतं. का नव्हतं, ते कुणी विचारत नव्हतं आणि कुणाला सांगावंही लागत नव्हतं.

मी सरकारी पगारावर होतो तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, लिंबाजी रोज सकाळी भिंतीवरून मला हाक मारायचा.

"अप्पा, पाणी किती?"

मी खालून आकडा सांगायचो आणि तो मान डोलावून जायचा. नोकरी संपली तरी सवयीने मी रोज सकाळी पट्टीपाशी उतरायचोच. आकडे त्याला वाचता यायचे, चौथीपर्यंत शिकला होता. पण खाली येऊन त्याने कधी पट्टी बघितली नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, ये की, बघ स्वतः." तर म्हणाला, "तुमी सांगितलं की झालं. तुमी पाणी खोटं सांगत न्हाईत."

मग दयानंदरावांनी ती मोठी बोट आणली. केरळातून, जुनी, पण लाल रंग मारून नवी केलेली. आईच्या नावावरून तिचं नाव 'शिवकन्या' ठेवलं. आमच्या जुन्या बोटीचं इंजिन मागे टांगलेलं असायचं, वर उचललं की काम झालं. शिवकन्येचं इंजिन पोटात होतं. पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा मागे गेलेला, दांड्याच्या टोकाला पंखा, त्यामागे सुकाणू. हे सगळं बोटीच्या बुडाच्याही खाली लोंबतं आणि वर उचलता येत नाही. बोट बारा महिने पाण्यात ठेवावी तर बुडाला शेवाळ धरतं, आणि ट्रॅक्टरने ओढून काठावर आणावी तर पंखा दगडावर घासतो. पहिल्याच महिन्यात पंख्याची एक पात वाकली. तेव्हा मालकांनी ठरवलं, बोट पाण्यातून सरळ वर उचलणारी लिफ्ट बसवायची.

त्या वर्षी भाद्रपदात तलाव काठोकाठ भरला. आमच्याकडे तलाव भरला की पुढारी जोडीने येतात, खणानारळाने पाण्याची ओटी भरतात, फोटो काढतात, जलपूजन झालं म्हणतात. त्यानंतर वर्षभर लोकांच्या डोक्यात तलाव तेवढाच भरलेला राहतो. पाणी खाली उतरतं, डोक्यातलं उतरत नाही. त्या वर्षी ओटी भरायचा मान दयानंदरावांच्या जोडीला मिळाला, आणि मालक आठ दिवस जमिनीवर चालत नव्हते.

त्याच आठवड्यात नांदेडहून लिफ्ट विकणारा माणूस आला. मृत्युंजय त्याचं नाव. बुटाला चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून चालणारा. धक्क्यावरच्या छपरीत आम्ही बसलो. मला, मालकांना आणि मृत्युंजयला कपबशीतून चहा आला. लिंबाजी उभा होता, त्याला कागदी पेल्यातून आला.

"लिंब्या," मालक म्हणाले, "बोट तू चालवतूस. मग लिफ्ट बी तूच निवड. पर एक सांगतो, निवड चुकली तर खोली खाली करायची. चालतंय?"

थोरल्या भावाच्या वयाच्या माणसाला लिंब्या. पण लिंबाजीच्या तोंडावर मी त्या दिवशी जे बघितलं ते आधी कधी बघितलं नव्हतं. 'निवड तुझी' असं त्याला आयुष्यात कुणी म्हटलं नसावं. जमीन गेली तेव्हाही नाही. खोली जायची धमकी त्याला ऐकूच आली नाही बहुतेक.

"चालतंय की मालक," तो म्हणाला. "दोन दिवस द्या."

ते दोन दिवस त्याने दोरी घेऊन बोटीखाली बुड्या मारल्या. बुडाला वजन कुठे पेलतं, दांडा कुठे बाहेर येतो, पंखा किती खाली लोंबतो, सगळं त्याने दोरीला गाठी मारून मोजलं. एका गाठीला लाल चिंधी बांधली. "ही चिंधी म्हंजे दांडा," त्याने मला समजावलं. "लिफ्टचा पाळणा, बोट ज्यावर बसती त्यो, हितं टेकला तर बोटीचं कंबरडं मोडलं. चिंधीच्या अलीकडं एक पट्टा, इंजिनाच्या खाली एक, बस." पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरने यंत्र लावून मोजावं, तसं त्याने दोरीने मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. मृत्युंजयने फोटो दाखवले. एक लिफ्ट चार खांबांची. पाण्यात चार पांढरे खांब रोवायचे, वरून तारांना टांगलेला पाळणा, बटन दाबलं की बोट वर. दुसरी तरंगती. मोठमोठ्या हवेच्या टाक्या, त्यांत पाणी भरलं की लिफ्ट बुडते, हवा भरली की बोटीला घेऊन वर येते.

"मालक, तरंगती घ्या," लिंबाजी म्हणाला. "पाणी उतरलं की तिला आत सरकवता येतंय. खांब एका जागी उभं ऱ्हाणार. हितं माझा बांध व्हता, मला ठावं हाय. फाल्गुनात हितनं पाणी जातंय. अन् काळी माती हाय मालक, उन्हाळ्यात हात-हात भेगा पडत्यात. खांब हालल्याबिगर ऱ्हाणार न्हाई."

एवढं लांब तो कधी बोलत नसे. मालकांनी तरंगत्या लिफ्टचा फोटो पुन्हा बघितला.

"हे डबे हायेत," ते म्हणाले. "माझ्या आईच्या नावाची बोट म्या डब्यांवर ठिवू? कंत्राट देणारं साहेब आलं तर काय म्हणतील? आन् हे खांब बघ. लाइट लावले तर हायवेवरून दिसतील." मग माझ्याकडे वळले. "अप्पा, तुमी पाणी मोजलेला माणूस. जलपूजनाला हितं किती पाणी व्हतं?"

"चौदा फूट," मी म्हणालो.

"बघ! चौदा फूट पाणी कुटं जातंय रे?"

चौदा फूट होतंच. फाल्गुनात तिथे किती उरतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्या तीस वर्षांच्या वह्या बोलल्या असत्या, पण मी मूग गिळून बसलो. लिंबाजीने माझ्याकडे बघितलं. 'अप्पा आता सांगतील,' असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत राहिलो.

खांबांची लिफ्ट ठरली. मृत्युंजयने इंग्रजीतला एक कागद काढला. जागा पाहून निवड कोणी केली, त्याची सही कंपनीला हवी होती. मालकांनी कागदावर नजर फिरवली, पेन हातात धरलं, आणि ठेवून दिलं.

"लिंब्याची घ्या. ठरलंच व्हतं, निवड त्याची."

लिंबाजी पुढे आला. कागद त्याने माझ्यापुढे धरला. "अप्पा, काय लिवलंय?"

कागदावर लिहिलं होतं की जागेची पाहणी करून चार खांबांच्या लिफ्टची निवड मी स्वतः केली आहे आणि या निवडीची जबाबदारी माझी आहे. मी ते वाचलं. मालक माझ्याकडे बघत होते, नुसते बघत होते, दुसरं काही केलं नाही त्यांनी. आणि मला शिरूरचं ते घर आठवलं, जिथे मी कुणाला नको होतो.

"बोटीची मापं तू घेतलीस, असं लिहिलंय," मी म्हणालो.

तो खूश झाला. "मंग बरोबर हाय," म्हणाला, आणि खाली बसून, जीभ दातात धरून, सावकाश सही केली. अक्षरं आधी, वरची रेघ शेवटी. त्याची रेघ नांगराच्या तासासारखी सरळ आली. मला लाज वाटली. लाजेने माणूस मरत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

दिवाळीपर्यंत लिफ्ट उभी राहिली. पाळण्याचे पट्टे लिंबाजीच्या दोरीप्रमाणेच बसवले, कारण मृत्युंजयकडे दुसरं माप नव्हतंच. बटन दाबलं की शिवकन्या पाण्यातून निथळत वर यायची आणि लाइटमध्ये चमकायची. लोक टाळ्या वाजवायचे. मालक सगळ्यांना सांगायचे, "माझी चॉइस." लिंबाजीने नागुबाईला एकदा बोटीत बसवून वर उचललं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "पाळणा धुऊन घे रे नंतर." तिने त्यानंतर बोटीकडे बघितलंही नाही.

पौषात लिंबाजीने पहिल्यांदा सांगितलं की बोट खाली घेऊन खोल पाण्यात नांगरू या. मालक म्हणाले, वरच शोभून दिसती. माघात पुन्हा सांगितलं. मालक म्हणाले, शिवरात्रीनंतर साहेब येणार हायेत, त्यांना लाइटमधी दाखवायची, तवर हात लावायचा न्हाई. शिवरात्रीनंतर साहेब आले नाहीत, पण कालव्याला पाणी सुटलं. नऊ दिवसांत तलाव सात फूट उतरला. मी रोज आकडा सांगायचो आणि लिंबाजी रोज मान डोलवायचा. फाल्गुन लागला आणि एका सकाळी बांध उघडा पडला, त्याचाच बांध. पाणी शंभर पावलं मागे गेलं होतं आणि शिवकन्या चिखलावर बारा फूट उंच लटकत होती.

मग लोकांना काय पाहिजे? उदगीर-नांदेडपर्यंत मोबाइलवर रील गेल्या. कुणी लिहिलं, 'मराठवाड्याचं विमान.' कुणी बोटीला लिंबू-मिरची बांधून फोटो काढला. मालक दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी उन्हाने माती तडकली, पाण्याकडचा एक खांब कलला, आणि पाळणा एका बाजूला झुकला. आता बोट कधीही खाली येणार होती, आणि आली की दांडा, पंखा, सुकाणू सगळ्याचा चुरा. क्रेन बोलावली तर ती काठावरच चिखलात रुतली. मृत्युंजय नांदेडहून आला, लांबून बघून म्हणाला, "खाली कुणी जाऊ नका."

लिंबाजी गेला. मालकांनी सांगितलंच होतं, "बोट खाली घेतलीस तर घेतलीस, न्हाई तर तोंड दाखवू नगंस." डोक्यावर कललेली दीड टनाची बोट, आणि हा खाली गुडघाभर चिखलात फावडं मारतोय. दांडा आणि पंखा बसेल एवढा लांब चर त्याने खणला. दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचून दोन बिछाने केले. मग घरातून ती गाठींची दोरी आणली आणि प्रत्येक पोतं गाठीला लावून बघितलं. नागुबाई काठावर उभी होती. खांब करकरला की फक्त डोळे मिटायची.

दुपारी त्याने हात वर केला. बटन मी दाबलं. बोट इंच इंच उतरली, कललेल्या बाजूने आधी, मग दुसऱ्या, आणि पोत्यांवर टेकली. लिंबाजी पोटावर सरपटत बुडाखाली गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात दिसत होते.

"पंख्याला खरचटा न्हाई!" तो ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नेमकी त्याच वेळी साहेबांची गाडी आली. साहेब म्हणजे ज्यांच्या शब्दावर मालकांना कंत्राटं मिळत, ते. काठावर उभे राहून त्यांनी चिखल बघितला, कललेला खांब बघितला, पोत्यांवर बसलेली बोट बघितली, आणि पोट धरून हसले.

"दयानंदराव, ही लिफ्ट कोन्या शहाण्यानं निवडली हो?"

दीडदोनशे माणसं होती. मालकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्यांनी मृत्युंजयकडे हात पुढे केला आणि त्याने पिशवीतून तो कागद काढून दिला. इतक्या लगेच दिला, म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं असणार.

"ह्या लिंब्यानं," मालक म्हणाले. "म्या म्हणलं गरीब माणूस हाय, बोट चालवतंय, निवडू दे. ही बघा सही. आमच्या कर्माची फळं, दुसरं काय."

लिंबाजी चिखलाने माखलेला, तसाच पुढे आला. तो घाबरला नव्हता. "न्हाई साहेब," तो म्हणाला, "त्यात मापं लिवलीत. अप्पांनी वाचून दावलंय. अप्पांना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मालकांनीही. "हाव, अप्पांना इचारा. अप्पा, सांगा बरं, काय लिवलंय? निवड कुणाची व्हती?"

कागद माझ्या हातात आला. खरं बोलायला तीन-चार शब्द पुरले असते. तेवढ्या शब्दांनी माझी नोकरी गेली असती, दुसरं काही झालं नसतं. मी काही उपाशी मरणार नव्हतो, मला पेन्शन होती. हे मी मुद्दाम सांगतोय, म्हणजे माझी कीव करायचं कुणाच्या मनात येऊ नये.

"लिंबाजीची," मी म्हणालो. "तसंच लिहिलंय."

साहेब हसले, "बरं, बरं," म्हणाले आणि चहाला गेले. मालक जाता जाता लिंबाजीला म्हणाले, "ठरलं व्हतं न्हवं? उद्या दुपारच्या आत." नागुबाई काठावरून खाली आली आणि तिने पदराने नवऱ्याच्या तोंडावरचा चिखल पुसायला घेतला. माझ्याकडे तिने बघितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. तिला माझ्यासाठी वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा टेम्पो भरला. एक लोखंडी पेटी, दोन गाद्या, भांड्यांचं पोतं. बुद्धाची तसबीर नागुबाई मांडीवर घेऊन पुढे बसली. गाठींची दोरी खोलीच्या दारातच पडली होती, ती त्यांनी नेली नाही. मी नेहमीप्रमाणे पट्टीपाशी उतरलो होतो. खरं तर लपायला उतरलो होतो. वर पावलं वाजली.

"अप्पा, पाणी किती?"

आवाज रोजचाच होता. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. मी पट्टीकडे बघितलं. दोनदा बघितलं, चूक होऊ नये म्हणून.

"सव्वासहा," मी म्हणालो.

रोजच्यासारखी त्याने मान डोलावली नाही. तो पायऱ्या उतरायला लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो खाली आला, मला बाजूला हो म्हणाला नाही, मीच सरकलो. वाकून, बोटाने ओली रेघ दाबून त्याने आकडा वाचला. मग हात धोतराला पुसला.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि वर निघून गेला.